आर्ट्सले गणित असते! : ग्रामीण विदर्भातल्या प्राचार्यांना आणि अर्थशास्त्राच्या शिक्षकांना खुलं पत्र

सन्माननीय प्राचार्य आणि अर्थशास्त्र शिकवणाऱ्या सर-मॅडम,

सादर नमस्कार.

दहावीला मला गणितात ८४ गुण होते. जून महिन्यात बाबा मला घेऊन तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात गेले. सायन्सची फी आणि वरून ट्यूशन परवडणारी नव्हती, त्यामुळे आर्ट्सचं घरूनच ठरलं होतं. खिडकीवर अर्ज भरताना विषयांच्या रकान्यात मी गणित लिहिलं. आतल्या बाबूंनी त्यावर रेघ मारली आणि म्हणाले, "आर्ट्सले गणित नसते बाई. राज्यशास्त्र लिही." बाबांनी माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली आणि राज्यशास्त्र लिहिलं. मागं रांग होती, अर्ध्या मिनिटात काम झालं. त्या रेघेची किंमत मला पाच वर्षांनी कळली.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या कोरडवाहू कापसाच्या गावची. बी.ए. अर्थशास्त्र तालुक्यालाच केलं, एम.ए. पुण्यात. आज नागपुरात एका संशोधन संस्थेत आहे; खेड्यांतल्या कुटुंबांच्या पाहणीतून येणारी आकडेवारी तपासणं आणि तिचा अर्थ लावणं हे माझं काम. बारावीचे निकाल लागले की गावाकडून आणि आजूबाजूच्या गावांतून फोन सुरू होतात. प्रश्न एकच असतो. "ताई, इकॉनॉमिक्स घेऊ का? त्याचं पुढं काय होते?" फोनवर पाच मिनिटांत उत्तर देता येत नाही. आणि खरं सांगायचं तर ते उत्तर मी देण्यापेक्षा तुमच्याकडून, प्रवेशाच्या दिवशीच मिळायला हवं. म्हणून हे पत्र.

पुण्यातला पहिला आठवडा आधी सांगते. सूक्ष्म अर्थशास्त्राचा तास होता. सरांनी फळ्यावर उपभोक्त्याचं समाधान आणि त्याच्या खिशातले पैसे यांची समीकरणं मांडली, लॅग्रांज नावाच्या गणितज्ञाची रीत लावली आणि उलट्या इंग्रजी सहासारखं दिसणारं एक चिन्ह लिहीत पुढं गेले. बाजूची दिल्लीची मुलगी निवांत उतरवून घेत होती. मला ते चिन्ह काय म्हणून वाचायचं हेही माहीत नव्हतं. बी.ए.ला मी वर्गात पहिली होते. समसीमांत उपयोगितेचा सिद्धांत, म्हणजे प्रत्येक वस्तूवरच्या शेवटच्या रुपयाचं समाधान सारखं होईल असा खर्च करावा हा, मला तोंडपाठ होता, गृहीतकं आणि टीकेसकट. फळ्यावर तोच सिद्धांत चालला होता आणि मला तो ओळखू आला नाही.

त्या शनिवारी मी अप्पा बळवंत चौकात जाऊन अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं मागितली. दुकानदारानं पाठ्यपुस्तक मंडळाची पुस्तकं समोर ठेवली. मुखपृष्ठावर विषयाचं नाव गणित आणि संख्याशास्त्र, आणि कंसात शाखांची नावं: कला आणि विज्ञान. कला आधी. मी ते दोनदा वाचलं. ज्या मंडळाची परीक्षा मी दिली, त्याच मंडळाचं पुस्तक सांगत होतं की हे पुस्तक माझंही होतं. आर्ट्सले गणित असते. आमच्या कॉलेजात ते नव्हतं, आणि नियमच तसा आहे असं तिथं सगळे मानून चालले होते. बाबूंवर माझा राग नाही. त्यांना जे कोणी सांगितलं तेच त्यांनी मला सांगितलं.

त्या वर्षी सकाळी एम.ए.चे तास आणि रात्री अकरावीचं फलन, मर्यादा, विकलन असं चाललं. पहिल्या सत्रात एका विषयात नापास झाले, दुसऱ्यात सुटले. हे मी कौतुकासाठी सांगत नाही. माझ्या मागून आमच्याच भागातून आलेला एक मुलगा दिवाळीत घरी गेला तो परत आला नाही. तो माझ्यापेक्षा हुशार होता.

आता या एका विषयावर काय काय अडतं ते पाहा. दिल्ली विद्यापीठात बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्राला प्रवेशासाठी गणित लागतंच. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या परिमाणात्मक अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश परीक्षेची एक अख्खी प्रश्नपत्रिका गणिताची असते. भारतीय आर्थिक सेवा १९६१ मध्ये सुरू झाली. केंद्र सरकारच्या मंत्रालयांत अर्थशास्त्रज्ञ म्हणून बसणारे अधिकारी हिच्यातून येतात. संघ लोकसेवा आयोग परीक्षा घेतो, अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते, वय २१ ते ३०. अर्थशास्त्राच्या तीन सामान्य पेपरांपैकी पहिल्यातच गणिती आणि सांख्यिकी पद्धतींचा भाग आहे. रिझर्व्ह बँकेत आर्थिक व धोरण संशोधन विभागासाठी ग्रेड बी अधिकाऱ्यांची वेगळी भरती होते, तिथंही तेच. आणि कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेतलं कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी हे पद बघा. त्यासाठी बारावीला गणितात ६० टक्के हवेत किंवा पदवीला संख्याशास्त्र हा विषय हवा. खेड्यापाड्यात जाऊन राष्ट्रीय नमुना पाहणीची माहिती गोळा करण्याच्या कामात हेच अधिकारी असतात. आमच्या मुलांना गावं माहीत आहेत, बोली माहीत आहे, कोणत्या घरी सकाळी जावं आणि कोणत्या घरी दिवेलागणीला जावं हे माहीत आहे. अर्ज मात्र भरता येत नाही, कारण सोळाव्या वर्षी एका खिडकीवर रेघ मारली गेली.

आता अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले. खिडकी गेली. पण कॉलेजनं जे विषय ठेवलेच नाहीत ते संगणकावर तरी कुठून दिसणार?

सर, मॅडम, गणिताइतकीच दुसरी एक गोष्ट मनात आहे. ती जास्त जवळची आहे.

आम्ही शिकलो तेव्हा मागणीच्या नियमाला सफरचंदाचं उदाहरण होतं. पर्यायी वस्तू म्हणजे चहा आणि कॉफी. मक्तेदारीच्या प्रकरणात विकणारा एकटा आणि घेणारे पुष्कळ. नोव्हेंबरात मी हे उत्तर पाठ करत होते आणि ओसरीत बाबा खेडा खरेदीवाल्याशी भाव करत होते. गावात कापूस घ्यायला येणारे दोघंच, आणि दोघांचा माल एकाच जिनिंगला, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याला, जायचा. विकणारी दीडशे घरं, घेणारे दोन. पुस्तकातली मक्तेदारी इथं उलटी उभी होती. घेणाऱ्याच्या या मक्तेदारीलाही अर्थशास्त्रात नाव आहे, सिद्धांत आहे, ती कशानं मोडते याची चर्चा आहे. आम्हाला तो धडा नव्हता. ज्या वर्गातली बहुतेक पोरं कास्तकाराची, त्या वर्गात सफरचंद कशासाठी?

बाबांकडं तर अर्थशास्त्राचा अख्खा इतिहास आहे. १९७२ मध्ये राज्यानं कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. म्हणजे घेणारं एकटं सरकार. बैलबंड्यांच्या रांगा, केंद्रावर काढलेल्या रात्री, उशिरा येणारे चुकारे हे सगळं त्यांनी पाहिलेलं. ज्या वर्षी बाहेर भाव चढायचा त्या वर्षी रात्री कापूस सीमेपलीकडं आदिलाबादकडं जायचा, हेही ते सांगतात. भाव एका जागी बांधून ठेवला आणि शेजारी तो मोकळा असला की माल कुठं वाहतो, हे सांगायला त्यांना आलेख लागत नाही. खताचंही तसंच. एकदा मी त्यांना सीमांत उत्पादन, म्हणजे एक बॅग वाढवली की पीक किती वाढतं ते, समजावत होते. ते म्हणाले, "मंग त्यात काय नवं? तिसरी बॅग टाकली त बोंडं तेवढीच लागते, पऱ्हाटी नुसती माजते." पुण्यात ज्या विकलनानं मला रडवलं, त्याचा अर्थ एवढाच होता. वर्गात हे वाक्य कुणी आधी म्हटलं असतं, आणि मग फळ्यावर ते चिन्ह लिहिलं असतं, तर मी घाबरले नसते.

आता एक दहा मिनिटांचं गणित सांगते, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला करून घेता येईल असं. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, थोडी घट जाते, बाकी सरकी. रुईचा सौदा खंडीवर होतो आणि खंडी म्हणजे ३५६ किलो. समजा खंडीचा भाव ५५,००० रुपये आहे. म्हणजे रुई किलोला साधारण १५४ रुपये. ३४ किलोचे झाले ५,२३६. सरकी ६४ किलो, समजा ३२ रुपयांनी, तिचे २,०४८. बेरीज ७,२८४. यातून जिनिंगचा खर्च, वाहतूक, व्यापाऱ्याचा वाजवी नफा वजा करा आणि मग ओसरीत सांगितलेला भाव त्याच्याशी ताडून बघा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. बाबांना फोनवर आकडे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे तुले आधी काऊन नाही शिकवलं?"

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क तात्पुरतं माफ केलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. वेचणीचा हंगाम नेमका त्यातच आला. गावातून चार जणांचे फोन आले. याचा आपल्या भावाशी काय संबंध, हमीभाव लांब धाग्याला ८,११० जाहीर झालाय ना, मग व्यापारी कमी का सांगतो, ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव का कापतात, १२ च्या वर गेला की परत का पाठवतात? हे अर्थशास्त्राचेच प्रश्न आहेत. गावात अर्थशास्त्राचे सात पदवीधर आहेत, मी मोजले. एकालाही विचारावं असं त्या चौघांना वाटलं नाही. त्या सातांबद्दल मला जेवढं वाईट वाटतं तेवढीच लाजही वाटते, कारण मी त्यांच्यातलीच आहे.

हमीभावाची गोष्ट निघाली म्हणून आणखी थोडं. कृषिमूल्य आयोग १९६५ पासून आहे. खर्च मोजण्याच्या त्याच्या पद्धतीत बियाणं, खत, मजुरी असा रोख खर्च एका खात्यात येतो, त्याला ए-टू म्हणतात. त्यात घरच्या माणसांच्या कष्टाची मजुरी मिळवली की ए-टू अधिक एफएल. स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलावरचं व्याज धरलं की सी-टू. शेतकरी संघटना मागतात तो दीडपट भाव सी-टूवर, सरकार देतं तो ए-टू अधिक एफएलवर. वर्षानुवर्षांची आंदोलनं या दोन अक्षरांच्या फरकावर उभी आहेत. मला हे कळलं त्या दिवशी सगळ्यात आधी माय आठवली. निंदण, खुरपण, वेचणी, तिनं आयुष्यभर आमच्याच वावरात केलं आणि कधी कुणाकडून रुपया घेतला नाही. दिल्लीतल्या एका तक्त्यात तिच्या कष्टाला एक रकाना आहे. तो रकाना कोण भरतं, कसं भरतं, त्यात दिवसाची मजुरी किती धरतात, हे विचारण्याचा सगळ्यात जास्त हक्क आमच्या वर्गातल्या पोरींना आहे. त्यांना त्या रकान्याचं नाव तरी सांगा.

आपल्या मातीतली माणसंही आपण वर्गाबाहेर ठेवली. १४ एप्रिलला आमच्या कॉलेजात कार्यक्रम व्हायचा, भाषणं व्हायची, मीही एकदा केलं. पण ज्यांना आपण वंदन करतो ते बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते, कोलंबिया आणि लंडन या दोन्ही ठिकाणच्या त्यांच्या पदव्या अर्थशास्त्रातल्या, हे मला पुण्यात नीट कळलं. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ चा. प्रांतिक वित्तावरचा १९२५ ला प्रसिद्ध झाला. आणि १९१८ मध्ये त्यांनी भारतातल्या लहान शेतीवर निबंध लिहिला. लहान तुकडे एकत्र केले की शेती सुधारेल, असं तेव्हा बरेच जण म्हणत होते. बाबासाहेबांनी म्हटलं, तुकडा लहान की मोठा हे नुसतं एकरांवर ठरत नाही; त्यावर श्रम किती, भांडवल किती, यावर ठरतं. जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसं अवलंबून आहेत, ते हात रिकामे आहेत, आणि उपाय उद्योगांत आहे. शंभराहून जास्त वर्षं झाली. आमच्या गावात आज तीन भावांमध्ये पाच एकर आहे आणि तिघंही डवऱ्यामागं नाहीत, पारावर आहेत. हा निबंध वीस-पंचवीस पानांत वाचून होतो. बी.ए.च्या वर्गात तो महिनाभर पुरेल.

वर्ध्याचं मगनवाडी तर आपल्या उंबऱ्यातलं. गांधीजींच्या ग्रामोद्योगाचं काम पाहणारे अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा तिथंच काम करत. तेही कोलंबियातून अर्थशास्त्र शिकून आलेले, आणि बाबासाहेबांचे शिक्षक सेलिग्मन हेच त्यांचेही. त्यांनी १९२९-३० च्या सुमारास गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन मातर तालुक्यात घरोघरी आर्थिक पाहणी केली. शेतकऱ्याचं उत्पन्न किती, सारा किती, कर्ज किती. विद्यार्थी कंदील घेऊन फिरले असतील तेव्हा. आज आपल्याकडं नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आहे, प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण आहे, त्यांना श्रेयांक आहेत. आणि झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतो. नाव बदलायचं आणि बांधून घ्यायचं. माझ्या चुलतभावानं गेल्या वर्षी तसाच दिला. विषय होता "ग्रामीण कर्जबाजारीपणा". त्याच्या स्वतःच्या घरावर सोसायटीचं, बचत गटाचं आणि कृषी केंद्राच्या उधारीचं कर्ज आहे. त्यातलं एक अक्षर प्रकल्पात नव्हतं.

त्याऐवजी हे करता येणार नाही का? तालुक्याच्या बाजार समितीत रोज सोयाबीन, तूर, कापूस यांची आवक आणि कमीत कमी, जास्तीत जास्त, सर्वसाधारण दर फळ्यावर लागतात. दोन-दोन विद्यार्थ्यांनी आळीपाळीनं ते वहीत उतरवायचे, सोबत ओलावा आणि कट्टी (मालातून होणारी कपात) लिहायची, आणि संगणकावर चढवायचं. तीन वर्षांत तुमच्या विभागाकडं अशी आकडेवारी जमेल की जी मागायला आमच्यासारखे लोक नागपूर-पुण्याहून येतील. ऑक्टोबरात सोयाबीन विकणं आणि तारण ठेवून मार्चमध्ये विकणं यात कोणत्या वर्षी किती फरक पडला, हे त्यातूनच निघेल. पणन मंडळाच्या तारण योजनेत मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजानं मिळतं. आमच्या गावात किती जणांना ते माहीत आहे? २०१६ ला तुरीचं काय झालं तेही तपासता येईल. आदल्या वर्षी डाळ महागली, सगळ्यांनी तूर पेरली, पीक भरघोस आलं आणि ५,०५० च्या हमीभावाखाली बाजार गेला. मागच्या वर्षीच्या भावावर यंदाची पेरणी ठरली की असंच होतं, आणि पुस्तकात त्याला कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धांत म्हणतात. आमच्या पोरांनी ते जाळं अंगावर घेतलेलं आहे.

नोकऱ्यांबद्दल मला मोकळेपणानं लिहायचं आहे, कारण फोनवर विचारतात ते तेच. आमच्या कॉलेजात करिअरचा सल्ला एका वाक्याचा होता: "अर्थशास्त्र घ्या, एमपीएससीले कामी येते." येतं, यात शंका नाही. पण त्या वाक्यावर किती पोरं किती वर्षं बसली! अमरावतीच्या, नागपूरच्या, पुण्याच्या अभ्यासिकांमध्ये माझ्या वर्गातले अकरा जण गेले. एक जण लागला. बाकीच्यांत एक अठ्ठावीस वर्षांचा आहे, घरून महिन्याला पैसे मागवतो, आणि पोळ्याला गावी येत नाही कारण लोक विचारतात. त्याच्या बापानं त्यासाठी एक एकर विकलं. परीक्षा द्यायलाच हवी. माझं म्हणणं एवढंच की ती देणाऱ्याच्या हातात दुसरं काही तरी असावं. संभाव्यता आणि संधी खर्च हे आपल्याच विषयातले धडे आहेत. जागा किती, अर्ज किती, एका वर्षाची किंमत काय, हे त्याच्यासमोर मांडणं शिक्षकाचं काम आहे असं मला वाटतं.

भारतीय आर्थिक सेवेच्या आणि रिझर्व्ह बँकेच्या संशोधन विभागाच्या जागा दरवर्षी अगदी मोजक्या असतात, हेही मुलांना स्पष्ट सांगा. पण तिथं गर्दीही वेगळी असते, एम.ए. झालेल्यांचीच. १९८२ मध्ये सुरू झालेल्या नाबार्डच्या, म्हणजे शेती आणि ग्रामविकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेच्या, ग्रेड ए परीक्षेत आर्थिक-सामाजिक प्रश्न आणि शेती-ग्रामविकास असे विषय आहेत. कापसाच्या घरात वाढलेल्या मुलाला त्यातलं अर्धं जगूनच माहीत असतं. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, प्रत्येक जिल्ह्यात त्याचं कार्यालय आहे, जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन तेच काढतं. सांख्यिकी सहायक, अन्वेषक अशा पदांची भरती तिथं निघते. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात आमच्याच जिल्ह्याचं समालोचन नव्हतं. मग शेतकरी उत्पादक कंपन्या. कागदावर पुष्कळ निघाल्या, हिशेब आणि बाजार कळणारं माणूस नसल्यामुळे कितीतरी कुलपात गेल्या. राज्याच्या उमेद या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, बचत गटांच्या कर्जाच्या कामात, पीक विम्याच्या कामात, पाहण्या करणाऱ्या संस्थांत अशी माणसं लागतात. पगार सुरुवातीला मोठा नसतो. माझाही नव्हता. पण विमा कंपनीनं उंबरठा उत्पन्न (ज्याच्या खाली पीक गेलं की भरपाई मिळते ते) कसं काढलं, महसूल मंडळातले पीक कापणी प्रयोग किती झाले, हे तहसीलमध्ये उभं राहून विचारू शकणारं एक माणूस गावात असणं याची किंमत पगारात धरता येत नाही.

उच्च शिक्षणाचे रस्तेही मुलांपर्यंत पोचत नाहीत. पुण्याची अर्थशास्त्राची गोखले संस्था १९३० पासून आहे; धनंजयराव गाडगीळ तिथले, पुढं नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. गोरेगावला रिझर्व्ह बँकेनं १९८७ मध्ये उभारलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. ही नावं मी बी.ए. संपेपर्यंत ऐकली नव्हती.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं समजू नका. तुमच्यातले कितीतरी जण तासिका तत्त्वावर आहेत, सेट-नेट होऊन दहा दहा वर्षं. मानधन वेळेवर येत नाही. आमचे एक सर सुट्टीच्या दिवशी सोयाबीनच्या काढणीवर स्वतः जायचे, आणि सोमवारी वर्गात येऊन चलनवाढ शिकवायचे. माझी पहिली प्रश्नपत्रिका इंग्रजीतून सोडवून घेतली ती त्यांनीच. अशा माणसाला मी आणखी काम सांगते आहे, याचा मला संकोच वाटतो.

पण मागणं फार मोठं नाही. तालुक्यात निदान एका कनिष्ठ महाविद्यालयानं कला शाखेला गणित ठेवावं. सायन्सचे गणिताचे सर त्याच इमारतीत असतात. वेळापत्रकात एक तास जुळवायचा आहे. ज्यांचं ते सुटलं त्यांना बी.ए.च्या पहिल्या वर्षी चाळीस तासांचा पाया द्यावा: टक्केवारी, निर्देशांक, फलन, उतार, विकलन, सरासरी, विचलन, आणि संगणकावरचा तक्ता. संख्याशास्त्र मायनर, म्हणजे दुय्यम विषय, म्हणून ठेवता आलं तर फारच उत्तम. आणि प्रवेशाच्या दिवशी मुलांना आणि सोबत आलेल्या आई-बापांना बसवून सांगावं, की कोणत्या दाराला कोणती अट आहे.

चाळीस तासांचं मी बोलले तर त्यातला माझा वाटाही सांगते. महिन्यातले दोन शनिवार मी मोकळी असते आणि नागपूरहून सकाळची एसटी धरून जिल्ह्यातल्या कोणत्याही कॉलेजात अकरापर्यंत पोचू शकते. मानधन नको. माझ्याबरोबर काम करणारे आणखी तिघं तयार आहेत, एक गोंदियाचा, दोन बुलढाण्याकडचे. अप्पा बळवंत चौकातून आणलेली ती पुस्तकं अजून माझ्याकडं आहेत; पानापानावर पेन्सिलीनं मराठीत टिपणं केलेली आहेत, कुठं अडले होते आणि कसं सुटलं ते. ज्या कॉलेजात पहिला तास ठरेल त्या ग्रंथालयात ती ठेवून जाईन. फक्त मुखपृष्ठ दिसेल अशी ठेवा.

आपली विद्यार्थिनी,
यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कास्तकाराची लेक